सूर्य उशिरा मावळतो त्या गावी

सांगलीच्या हळदपेठेत तीन पिढ्यांची पेढी असलेल्या एका कुटुंबातील ज्येष्ठ दांपत्याने गेल्या जून महिन्यात बेल्जियममधील अँटवर्प शहराचा पंधरा दिवसांचा प्रवास केला. त्यांचा भाचा तेथे नोकरीनिमित्त चार वर्षे राहत आहे. त्याचे आमंत्रण यापूर्वी दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा नाकारले गेले होते. अडचण पैशाची नव्हती, प्रकृतीचीही नव्हती. गृहिणीचा रात्रिभोजनत्यागाचा नियम एकतीस वर्षांचा होता, आणि परमुलखात तो मोडेल अशी त्यांना धास्ती होती. तिसऱ्या वेळी मात्र नकार कळवण्याऐवजी त्यांनी एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर पहिला प्रश्न लिहिला : तिथे सूर्य मावळतो कधी?

भाच्याचे उत्तर त्याच दिवशी आले. "मामी, जूनमध्ये रात्री दहाला." सांगलीत त्या दिवसांत सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. नियम मोडण्याची भीती एका ओळीत मिटली. परंतु मग दहापर्यंत जेवत राहावे काय, हा दुसरा प्रश्न उभा राहिला. त्याच्यापुढची जागा वहीत रिकामीच राहिली.

इतर प्रश्नांना मात्र नेमकी उत्तरे होती. बेल्जियम हा शेंगेन करारातील 29 देशांपैकी एक. या सर्व देशांसाठी एकच व्हिसा चालतो. अर्ज मात्र ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम असेल त्याच देशाकडे करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. सुटीच्या हंगामात भेटीची वेळ मिळण्यासच आठवडे जातात, म्हणून तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे. प्रौढ व्यक्तीस शुल्क 90 युरो, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा. प्रवास विम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान 30,000 युरोंचे हवे. रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास तो विमा घेतानाच सांगावा, लपवलेला आजार दाव्याच्या वेळी उघडा पडतो.

व्यापारी कुटुंबांची गल्लत बहुधा बँकेच्या खातेउताऱ्यात होते. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात मोठी रक्कम भरली, की बाजू भक्कम दिसेल असे वाटते. प्रत्यक्षात तीच रक्कम शंकेचे कारण होते. सहा महिन्यांचा नेहमीचा व्यवहार आणि वेळेवर भरलेली प्राप्तिकराची विवरणपत्रे यांचे वजन अधिक. स्त्रियांच्या बाबतीत नावाची तपासणी आवर्जून करावी. पासपोर्टवर सासरचे नाव, बँकेत माहेरचे आणि तिकिटावर तिसरेच, अशी स्थिती अनेक घरांत आढळते. या दांपत्याच्या घरीही ती होती, आणि ती दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले.

पैशाचा हिशेब यजमानांनी स्वतः मांडला. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते. त्यातील रोख नोटा मात्र युरोपच्या एका प्रवासासाठी 3,000 डॉलरच्या मूल्यापर्यंतच मिळतात. उरलेली रक्कम प्रवासी कार्डावर घ्यावी. एप्रिल 2025 पासून दहा लाख रुपयांपर्यंतच्या परकीय चलनावर उगमस्थानी कर गोळा केला जात नाही. सहल कंपनीचे पॅकेज घेतल्यास तो पहिल्या रुपयापासून लागतो, आणि विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. भारतीय नोटा परतीच्या वेळेसाठी 25,000 रुपयांपर्यंत जवळ बाळगता येतात. परदेशी दुकानात कार्ड वापरताना यंत्र विचारते, रक्कम रुपयांत हवी की युरोत. रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडे जाते, आणि विनिमयाचा महाग दर पदरी पडतो. नेहमी युरोच निवडावा. उरलेले चलन परतल्यावर 180 दिवसांत बँकेला द्यावे. 2,000 डॉलरपर्यंत स्वतःजवळ ठेवता येते.

सामानाच्या यादीवर घरात थोडी कुरबुर झाली. साजूक तुपाचा डबा आणि पेढे यांना काट मारावी लागली, कारण दूध व दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. भाच्यासाठी बाजूला काढलेले हापूसही घरीच राहिले; वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावाचून ताजे आंबे किंवा कढीपत्ता नेता येत नाही. खाखरा, चिवडा आणि मेतकूट मात्र गेले. औषधे हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव; कारण आपल्याकडील कंपनीचे नाव तेथील औषधविक्रेत्यास कळत नाही. पाणी उकळण्यासाठी लहान विजेची किटली घेतली. वीज तेथेही 230 व्होल्टचीच आहे. फक्त आपली तीन पिनांची खुंटी बसत नाही, जोडपिन लागते. विमानातील जैन भोजन जाण्याच्या व येण्याच्या दोन्ही फेऱ्यांसाठी स्वतंत्रपणे नोंदवले.

अँटवर्प हे शेल्ड नदीकाठचे बंदर. 1905 साली खुले झालेले मध्यवर्ती रेल्वेस्थानक आपल्या भव्य घुमटामुळे राजवाड्यासारखे भासते. त्याला लागूनच हिऱ्यांच्या व्यापाराच्या अरुंद गल्ल्या आहेत. मूळच्या पालनपूरच्या जैन व्यापाऱ्यांनी 1960 नंतरच्या दशकांत येथे हळूहळू जम बसवला. विल्राइक या उपनगरात त्यांनी उभारलेल्या पांढऱ्या संगमरवरी मंदिराची प्रतिष्ठा 2010 साली झाली. दिगंबर परंपरेतील हे दांपत्य त्या श्वेतांबर मंदिरात गेले आणि पार्श्वनाथांपुढे हात जोडताना आपण घरापासून दूर आहोत हे क्षणभर विसरले. जाण्यापूर्वी दर्शनाची वेळ फोन करून विचारावी, हे येथे नोंदवलेले बरे.

यजमान रमले ते मात्र प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात. 1555 साली सुरू झालेला हा छापखाना पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाने चालवला. जगातील सर्वांत जुनी दोन मुद्रणयंत्रे येथे आहेत, आणि पेढीच्या शतकानुशतकांच्या हिशेबवह्या युनेस्कोने जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंदवल्या आहेत. हळदीच्या पेढीवर आजोबांच्या वह्या जपणारा तो माणूस तेथून तासभर हलला नाही. सोमवारी हे संग्रहालय बंद असते.

जेवणात दक्षता लागली. बेल्जियमचे तळलेले बटाटे जगप्रसिद्ध. पण परंपरेने ते गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे बटाटा खाणाऱ्यांनीही आधी विचारावे. वॉफलमध्ये अंडे असते, काही चॉकलेटांत मद्य, तर अनेक प्रकारच्या चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण. वेष्टनावर अंडे व दूध ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक आहे. कांदा-लसणासाठी मात्र घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते. भाच्याने मामीसाठी डच भाषेत एक चिठ्ठी लिहून दिली होती. बटाट्याला तेथे 'आर्डापल', म्हणजे भूमीतील सफरचंद म्हणतात, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "कंदमूळ ते कंदमूळच, नाव गोड ठेवून काय होते!"

वहीतील रिकाम्या जागेचे उत्तर पहिल्याच संध्याकाळी मिळाले. साडेसातला जेवण आटोपून त्यांनी ताट बाजूला सारले. खिडकीतून लख्ख ऊन येत होते. भाचा म्हणाला, "मामी, अजून अडीच तास आहेत. घाई कशाला?" त्या म्हणाल्या, "सूर्य इथे उशिरा मावळतो रे. पण माझी भूक सांगलीची आहे. तिला सवलत दिली, की ती मागतच राहील."

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "उन्हाळा सोपा आहे, मामी. डिसेंबरात साडेचारनंतर थोड्याच वेळात अंधार पडतो, तेव्हा मी ऑफिसात असतो. पहिल्याच हिवाळ्यात माझा नियम सुटला. आईला सांगितलेले नाही."

नणंदेचे नाव निघाल्यावर यजमानांनी मान वर केली. गृहिणीने त्यांना नजरेनेच थांबवले. उपदेश केला नाही, की नवलही केले नाही. वही उघडून त्यांनी विचारले, "ऑफिसात डबा गरम करायची सोय आहे का? चहाची सुट्टी किती वाजता असते?" सोय होती, सुट्टी पावणेचारला होती. त्यांनी तेवढेच लिहून घेतले. उरलेल्या चौदा दिवसांत त्यांनी त्याला डब्यात टिकतील असे चार पदार्थ करायला शिकवले.

गेल्या डिसेंबरात एका रात्री सांगलीच्या पेढीवर फोनवर एक छायाचित्र आले. खिडकीबाहेर मावळतीचा करडा प्रकाश, मेजावर उघडा डबा, त्यात मुगाची खिचडी. खाली एकच ओळ होती : "मामी, चार वाजले." गृहिणीने ते छायाचित्र नणंदेला पाठवले नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घातली, आणि वही कपाटात नीट ठेवून दिली.