हडसनच्या दोन तीरांवर

न्यूयॉर्क पाहून आलेली मंडळी बहुधा तेथील गगनचुंबी इमारतींचे मजले मोजून सांगतात. आमच्या यादीत ह्या खेपेस त्यांपैकी एकही इमारत नव्हती. थेलोनियस मंक ह्या पियानोवादकाच्या रचना इतर जॅझवादकांनी त्याच्या गौरवार्थ वाजवून ज्या तबकड्या काढल्या, त्यांतील दोन-तीन आमच्या घरी पुष्कळ वर्षे वाजत आल्या आहेत. तो माणूस जेथे वावरला आणि त्या तबकड्या जेथे तयार झाल्या, त्या जागा एकदा पाहाव्यात एवढाच आमचा हेतू होता. जॅझ म्हणजे निव्वळ गोंगाट अशी ज्या वाचकांची समजूत असेल, त्यांनीही थोडा वेळ आमच्याबरोबर चालावे. गोंगाट त्यात आहेच. पण तेवढाच नाही.

मंकचा जन्म १९१७ साली नॉर्थ कॅरोलायनातील रॉकी माउंट येथे झाला. १९२२ साली त्याच्या आईने मुलांना घेऊन न्यूयॉर्क गाठले आणि वेस्ट ६३व्या रस्त्यावर बिऱ्हाड थाटले. कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची ही दाट वस्ती सान हुआन हिल ह्या नावाने ओळखली जाई. पुढे लिंकन सेंटर हे भव्य कलामंदिर बांधण्यासाठी तिचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. ज्या गल्ल्यांतून जॅझ निघाले त्याच गल्ल्या पाडून त्यांवर ऑपेराचे नाट्यगृह उभे राहावे, हा योग आम्हास काही सुखाचा वाटला नाही. मंक ज्या २४३ क्रमांकाच्या इमारतीत कित्येक वर्षे राहिला ती मात्र वाचली आहे, आणि त्या रस्त्याला त्याचे नावही दिलेले आहे.

तेथून आम्ही उत्तरेस हार्लेममध्ये ११८व्या रस्त्यावर गेलो. सेसिल हॉटेलच्या इमारतीत १९३८ साली हेन्री मिंटन ह्याने एक क्लब काढला, आणि १९४० नंतरच्या दोन-चार वर्षांत मंक तेथला नेमणुकीचा पियानोवादक होता. इतर ठिकाणचे कार्यक्रम आटोपून वादक रात्री उशिरा येथे जमत व आपसांत झुंजत. बड पॉवेल हा तरुण पियानोवादक मंकच्याच पंखाखाली येथे वाढला. १९५१ साली ही दोघे एका मोटारीत बसलेली असता पोलिसांना त्यांच्याजवळ मादक द्रव्य सापडले. ते मंकचे नव्हते असे त्याचे चरित्रकार सांगतात. पण मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडले नाही. परिणामी न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवण्याचा त्याचा परवाना गेला, तो १९५७ पर्यंत. पुढे १९६१ साली पॅरिसमध्ये पॉवेलने एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यावर मंकचे नाव आहे आणि तिच्यातील निम्म्या रचना मंकच्या आहेत. हा मागचा इतिहास ठाऊक असला म्हणजे ती तबकडी नुसती कौतुकाची म्हणून ऐकता येत नाही.

आता ह्या रचनांविषयी दोन शब्द. जॅझमध्ये आरंभी रचना मांडतात, मग तिच्या स्वरसंगतीची आवर्तने चालू ठेवून प्रत्येक वादक आपापला विस्तार करतो, आणि शेवटी पुन्हा रचनेवर येतात. आमच्याकडील बंदिश व तिचा विस्तार ज्यांना परिचित आहे त्यांना हे समजण्यास कठीण नाही. परंतु पुष्कळ वादक मूळ चाल एकदा मांडून झाली की तिला विसरून जातात व नुसत्या स्वरसंगतीवर ताना घेत सुटतात. मंकच्या रचना हे चालू देत नाहीत. त्याची चाल कोपऱ्याकोपऱ्यांनी वळते, भलत्याच मात्रेवर थांबते, दोन शेजारचे स्वर एकदम वाजवून कानाला टोचते, आणि मध्येच रिकामी जागा सोडते. ती जागा भरून टाकली की रचना मेली. म्हणून तिचा विस्तार करणाऱ्याला चाल सतत मनात बाळगावी लागते. त्यातच त्याच्यापुढे दुसरा मोह असतो, तो म्हणजे मंकच्या बोटांची हुबेहूब नक्कल करण्याचा. अशी नक्कल मैफलीत टाळी घेते. पुन्हा ऐकावीशी वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून आम्ही न्यू जर्सीत हॅकेनसॅक गावी गेलो. रूडी व्हॅन गेल्डर नावाचा गृहस्थ दिवसा चष्म्यासाठी लोकांचे डोळे तपासी आणि उरल्या वेळात आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ ध्वनिमुद्रित करी. ते घर आता उरलेले नाही; मंकच्या एका रचनेला मात्र त्या गावाचेच नाव आहे. १९५५ साली मंकने येथे ड्यूक एलिंग्टन ह्या थोर रचनाकाराच्या रचना वाजवल्या. त्याच्या स्वतःच्या रचना श्रोत्यांना जड जातील अशी कंपनीस धास्ती होती. ती तबकडी आम्हास थोडी हात राखून वाजवलेली वाटते.

ह्याच दिवाणखान्यात १९५८च्या ऑक्टोबरात चोवीस वर्षांचा स्टीव्ह लेसी सोप्रानो सॅक्सोफोन घेऊन आला. केवळ मंकच्याच रचनांची पूर्ण तबकडी दुसऱ्या कोणी काढण्याचा तो पहिलाच प्रसंग. मंकची सर्वांत लोकप्रिय रचना ‘राउंड मिडनाइट’. ती त्याने घेतलीच नाही. ज्यांना सहसा कोणी हात लावीत नसे अशा अवघड रचना घेतल्या, आणि प्रारंभीच घातली ‘फोर इन वन’, जिच्यात स्वरांचे घोस एका श्वासात अंगावर येतात. पियानोवर मॅल वॉल्ड्रन आहे व तो मंकची नक्कल करीत नाही, ही आम्हास ह्या तबकडीची मोठी गोष्ट वाटते. दोन वर्षांनी मंकने लेसीला काही महिने आपल्या संचात घेतले.

दुपारनंतर आम्ही वीहॉकनला आलो. गाव हडसनच्या काठच्या कड्यावर आहे आणि समोर सारे मॅनहटन पसरलेले दिसते. मंकची चाहती पॅनोनिका द कोनिग्सवॉर्टर हिच्या येथील घरी तो अखेरची वर्षे राहिला. घरात मांजरे पुष्कळ होती, खोलीत पियानो होता. १९७६ नंतर तो लोकांपुढे वाजवावयास बसलाच नाही, आणि घरच्या पियानोलाही क्वचितच हात लावी. नदीपलीकडे ज्या शहरात त्याच्या रचना रोज रात्री कोठे ना कोठे वाजत, ते शहर तो येथून पाहत असे.

शेवटी एंगलवूड क्लिफ्सला गेलो. व्हॅन गेल्डरने १९५९ साली येथे झाडीत नवे ध्वनिमुद्रणगृह बांधले. लाकडी कमानींनी तोललेले त्याचे उंच छत एखाद्या प्रार्थनामंदिरासारखे आहे. १९८२ साली चार वादक येथे जमले. सॅक्सोफोनवादक चार्ली राऊझ अकरा वर्षे मंकच्या संचात होता आणि ड्रमवादक बेन रायलीही त्याचाच जुना साथीदार; केनी बॅरन व बस्टर विल्यम्स हे बाकीचे दोघे. मंकच्या मधल्या नावावरून त्यांनी आपल्या संचाचे नाव ‘स्फिअर’ ठेवले होते. हयात असलेल्या, पण अबोल झालेल्या उस्तादासाठी तबकडी काढावयाची, असा बेत होता. ध्वनिमुद्रणाचा दिवस १७ फेब्रुवारीचा ठरला, आणि त्याच दिवशी शेजारच्या एंगलवूड गावातील रुग्णालयात मंक पक्षाघाताने वारला.

त्या तबकडीचे नाव ‘फोर इन वन’. चोवीस वर्षांपूर्वी लेसीने जिच्यापासून आरंभ केला तीच ही रचना. ती ऐकताना आमच्या कानांनी शोक पुष्कळदा शोधला आहे. तो सापडत नाही. सापडतो तो राऊझचा कोरडा, तुटक, नेमका सूर, जो अकरा वर्षे त्या पियानोशेजारी उभा राहून घडला. बॅरन तर पियानोवर स्वच्छ आपल्याच वळणाने जातो, आणि मंकने सोडलेल्या जागा रिकाम्याच राहू देतो.