गाडी तापेपर्यंत

परभणीला थंडी पडते, असे सांगितले की आमचे पुण्या-मुंबईचे स्नेही हसतात. मराठवाडा म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हाळाच उभा राहतो. डिसेंबर 2018 च्या अखेरीस आमच्या कृषी विद्यापीठातला पारा 2 अंशांपर्यंत उतरला होता, हेही त्यांना खरे वाटत नाही. मी वाद घालीत नाही. मनात एवढेच म्हणतो, की अशा पहाटे आमच्या दादांची पद्मिनी एकदा सुरू करून पाहा, म्हणजे पटेल!

दादा भाड्याची गाडी चालवीत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट 1974 साली 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिचेच एक वयस्क भावंड जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या गावी गोठ्याशेजारी उभे असे. हिवाळ्यात रात्री दादा तिच्या बॉनेटवर घोंगडी टाकीत. पहाटे घोंगडी काढायची, चोक ओढायचा आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता किल्ली फिरवायची. इंजिन कुरकुरत जागे झाले की दोन मिनिटे थांबायचे, चोक थोडा आत सारायचा, आणि गाव मागे पडेपर्यंत सावकाश चालवीत तो पुरता आत घ्यायचा.

यामागचे कारण साधे आहे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते थंडगार नळीच्या भिंतींना थेंबाथेंबाने चिकटते आणि ठिणगीपर्यंत फारच थोडे पोचते. म्हणून चोक ओढून पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे. पण इंजिन तापल्यावरही तो ओढलेलाच राहिला, तर सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि प्लगवर काजळी धरते. दादा म्हणत, "चोक म्हणजे बाळंतिणीचा डिंकाचा लाडू. सव्वा महिना द्यावा, वर्षभर नाही."

जानेवारी 2003 मधली गोष्ट. ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहाटे तीनच्या सुमारास तिला कळा सुरू झाल्या. दादांचा उजवा हात त्या दिवसांत प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून गाडी माझ्याकडे आली. मी किल्ली फिरवली. गाडी घुर्र करून गप्प झाली. मी घाबरलो. चोक पुरता ओढला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबीत सुटलो. दर दाबासरशी कार्बोरेटर आत पेट्रोलची पिचकारी मारीत होता, याचे मला भान नव्हते. पेट्रोलचा उग्र वास सुटला. घरातून ताईचे कण्हणे ऐकू येत होते. पुन्हा किल्लीकडे गेलेला माझा हात दादांनी डाव्या हाताने धरला.

"पेट्रोल ओव्हर झालं. आता जितकी घाई करशील, तितकी ती बुडंल. प्लग काढ."

बॅटरीच्या उजेडात मी चारही प्लग काढले. ओले चिंब होते. आईने ते पदराने पुसले आणि ताईसाठी पाणी तापत होते त्याच चुलीच्या निखाऱ्यांपाशी शेकत ठेवले. दहा मिनिटे दादा काही बोलले नाहीत. एकदा खिशातून विडी काढली आणि पेट्रोलच्या वासाने तशीच परत ठेवली. तेही घाबरले आहेत, हे मला तेवढ्यावरून कळले.

प्लग बसवले, चोक आत सारला, आणि नुसती हवा आत जावी म्हणून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकले आणि सुरू झाले. आता दादा 'पळव' म्हणतील, असे वाटले. ते म्हणाले, "पहिले दोन मैल दमानं." परभणीच्या दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मला भाची झाली.

मी दहावीपलीकडे शिकलेला मास्तर. पण हिवाळ्यात सकाळच्या वर्गात एखादा पोरगा धडा वाचायला उभा राहतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तेव्हा दादांचा तो डावा हात आठवतो. पूर्वी मी ओरडत असे. पोरगा अधिकच बुडे. आता पहिला शब्द मी सांगतो आणि थांबतो. दुसऱ्या ओळीला तो चालू लागला की माझा आवाज आत सारतो.

पद्मिनीचे दिवस सरले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या शेवटच्या टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये गेल्या. आता पेट्रोल किती सोडायचे ते गाडीतला संगणक ठरवतो. भाची बटण दाबते आणि गाडी निघते. ही गोष्ट तिने पुष्कळदा ऐकली आहे. तरी दर दिवाळीला ती विचारते, "मामा, त्या दहा मिनिटांत तुम्ही काय करीत होता?"

"काही नाही," मी म्हणतो. आणि त्या रात्री माझ्या हातून झालेले शहाणपणाचे काम तेवढेच.