जुन्या लाकडांची मांडणी

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर ओळखले जाते ते तेथील सहकारी साखर कारखान्यामुळे. भोवतालचे शिवार उसाचे. पूर्वी उसाचे ओझे मुख्यतः बैलांनी ओढले. आता ट्रॅक्टर आणि मालमोटारीही ते वाहतात. त्यामुळे गोठ्याशेजारी ट्रॅक्टरसाठी पत्र्याची खोप उभारलेली असते.

ट्रॅक्टरमागोमाग त्याचा संसारही घरी येतो. पाने, हातोडे, तेलाचे डबे, साखळदंड, फवारणीचा पंप, असे सारे जमिनीवर पसरते. हवा तो पाना वेळेवर सापडत नाही आणि अनवाणी आलेल्या मुलाचा पाय कोयत्याच्या पात्यावर पडण्याचे भय असते. अशा जागी भक्कम मांडणी हवी. ती बाजारात विकत मिळते; परंतु पुष्कळदा तिचे साहित्य अंगणाच्या कोपऱ्यातच पडलेले असते. मोडक्या बैलगाडीची बाभळीची लाकडे, उतरवलेल्या माळवदाची तुळई, जुन्या दाराच्या फळ्या यांकडे कोणाचे लक्ष नसते.

‘जुने ते सोने’ म्हणून कोणी सर्वच साठवून ठेवतो. दुसरा ते सर्वच चुलीत घालतो. जाणता माणूस या दोघांच्याही मार्गाने जात नाही. तो आधी लाकडाची परीक्षा घेतो. पुष्कळ घरांत हे काम आजोबांचे असते. ज्यांनी ती गाडी हाकली, त्या माळवदाखाली ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना त्या लाकडाची नस ठाऊक असते. ते हातोडीने हलकेच ठोकतात. खणखणीत आवाज आला तर लाकूड बहुधा घट्ट. बद्द आवाज आला तर आत पोकळी असण्याचा संभव. मग ते टोच्या रोवून पाहतात. तो सहज आत शिरला, की ते लाकूड वाळवीने पोखरलेले किंवा कुजलेले समजावे. वरून गुळगुळीत दिसणारी फळी कधी आतून माती झालेली असते. उलट काळ्या पडलेल्या तुळईवर रंधा फिरवताच सागाचा सोनेरी रंग उमटतो. जुने लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असल्यामुळे नव्या, ओल्या लाकडासारखे ते सहसा पिळवटत नाही. मात्र त्यातील खिळे आधी काढावेच लागतात. आत राहिलेल्या खिळ्याने करवतीचे दात मोडतात. खिळा उडून डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणून हे काम मुलांनी एकट्याने करू नये.

चांगले लाकूड निवडले तरी मांडणी आपोआप भक्कम होत नाही. चार पट्ट्यांची चौकट खिळ्यांनी जोडून बाजूने ढकलली, तर ती कलते. तिच्यात एक तिरपी पट्टी बसवली की दोन त्रिकोण होतात आणि चौकट ठाम राहते. कारण बाजूंची लांबी बदलल्यावाचून त्रिकोणाचा आकार बदलत नाही. रेल्वेच्या अनेक लोखंडी पुलांत याच कारणासाठी त्रिकोण दिसतात. फळीचेही गणित आहे. दोन आधारांमधील अंतर दुप्पट केले, तर मध्यावर ठेवलेल्या तेवढ्याच ओझ्याने ती आठपट वाकते. म्हणून आधार जवळजवळ द्यावेत. खांबांखाली दगड ठेवावेत, म्हणजे जमिनीची ओल लाकडास लागत नाही. जड वस्तू खालच्या फळीवर आणि हलक्या वर ठेवाव्यात. तसेच मांडणी पक्क्या भिंतीला जखडावी. एवढी काळजी घेतली नाही, तर लोखंडाचे ओझे एखाद्याच्या डोक्यावर कोसळेल.

टाकलेल्या वस्तूंना असा पुनर्जन्म सर्वत्र मिळतो. जालना शहरातील कारखान्यांत भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळया करतात. लंडनमध्ये 1924 साली ‘लिबर्टी’ या प्रसिद्ध दुकानाची इमारत उभारताना दोन जुन्या युद्धनौकांची लाकडे वापरली गेली. समुद्रावर तोफा वाहिलेल्या लाकडांनी तेथे दुकानाचे मजले सजवले.

अंगणातील मांडणीला अशी कीर्ती मिळत नाही. पण ती बांधताना नातू ठोकून पाहायला शिकतो आणि लाकडाचा आवाज ओळखू लागतो. कोपऱ्यात पडलेल्या लाकडाप्रमाणेच आजोबांची विद्याही विचारणाऱ्याची वाट पाहत असते, हे त्याच्या ध्यानात येते. मांडणी उभी राहते. प्रत्येक वस्तूला तिची जागा मिळते. मग गळिताच्या दिवसांत, रात्री वीज गेली तरी, अंधारात हात नेमका हव्या त्या पान्यावर जातो.