वीजबिल अजून आजोबांच्याच नावावर

घरावर सोलर बसवायचं ठरवलं आणि पहिल्याच फोनवर समोरच्याने विचारलं, "दादा, मीटर कोणाच्या नावावर?" मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. दर महिन्याला त्यांच्या नावाने बिल येतं, आम्ही भरतो, कोणाला काही वाटत नाही. पण अनुदान मीटर ज्याच्या नावावर त्यालाच. मग वारसांची कागदपत्रं, काका-आत्यांच्या सह्या. एक काका वसईला, आत्या उंबरगावला. तीन महिने त्यातच गेले. चूक आमचीच, सरकारला नावं ठेवत नाही.

आणि योजना खरंच चांगली आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना, फेब्रुवारी २०२४ ची. एक कोटी घरं, ७५ हजार कोटींची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तीन किंवा जास्त बसवले तर ७८ हजार, त्यावर नाही. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो. आपल्या पावसाळ्यात तेवढी आशा धरू नका.

अट एक आहे, पॅनेल भारतातलं आणि आतला सेलही भारतातला. त्यामुळे माल महाग पडतो. एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के शुल्क लावलं. शिवाय कारखान्यांना प्रोत्साहन म्हणून दोन टप्प्यांत मिळून २४ हजार कोटी. म्हणजे माझ्या पत्र्यावरच्या ७८ हजारांतला काही भाग फिरून कारखानदाराकडेच जातो. मला हे मान्य आहे. चीनवर किती दिवस विसंबायचं?

पण हे कारखाने कुठे उभे राहिले बघा. अच्छाडचा नाका ओलांडला की उंबरगाव तालुक्यात तुंब, नंदीग्राम, पुढे चिखली. तलासरीची कितीतरी पोरं रोज त्या पट्ट्यात कामाला जातात. डहाणू १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक तालुका, मोठे कारखाने इथे नकोतच. थर्मलची चिमणी एक आहे तेवढी पुरे. ५०० मेगावॅट आपल्या खाडीवर तयार होते आणि दिवे लागतात मुंबईच्या उपनगरात. राखेवरून चिकूवाल्यांनी किती भांडणं केली, जुन्यांना विचारा.

कारखाना नको, पण फिटिंगचं काम तर इथल्या पोरांना मिळू दे! माझ्याकडे पॅनेल बसवायला माणसं आली ती सुरतेहून. आपल्या आयटीआयमध्ये हे नीट शिकवलं तर काय बिघडलं? खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडा दोन वर्षांत गंजतो, हे सुरतवाल्याला नाही, आगरच्या पोराला माहीत असतं.

पाड्यांवरचं तर वेगळंच. जिथे शंभर युनिटसुद्धा जळत नाहीत, तिथे तीन किलोवॅट कोण बसवणार? त्यांच्यासाठी राज्याने २०२५ मध्ये स्मार्ट योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी खिशातून अडीच हजाराच्या आसपास. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये आदिवासी शेतकऱ्याला फक्त ५ टक्के भरायचे. पण माहिती पाड्यापर्यंत पोचते कुठे? आणि पोचली तरी मीटर परत आजोबांच्याच नावावर.

मंगळवारी मी नावबदलाचे शेवटचे कागद द्यायला डहाणूला जातोय. आगर-नरपड भागातल्या ज्यांचं बिल अजून आजोबा, पणजोबांच्या नावावर आहे त्यांनी सांगा, एकत्रच जाऊ. मृत्यूचा दाखला, आधार आणि घरपट्टीची पावती बरोबर ठेवा. झेरॉक्स दोन-दोन काढा, तिथे मशीन बंद असतं.