पहिल्या पाळीची नदी

मुंबई-गोवा महामार्गाने जाताना पनवेल, पेण, नागोठणे मागे पडले की कोलाड येते. रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातले हे लहानसे बाजाराचे गाव. २० मार्चला महाडला जाणाऱ्या आपल्या गाड्या याच रस्त्याने जातात. त्यामुळे कोलाडचा नाका आपल्यापैकी अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. तेथे उतरून डाव्या हाताला, सह्याद्रीच्या बाजूला आत जावे, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या बाजूला कुंडलिका नदी आहे. आणि या नदीत रबरी होडीतून, खळाळत्या पाण्यावरून प्रवास करता येतो. यालाच राफ्टिंग म्हणतात.

हा खेळ पैसेवाल्यांचा, असा आपला समज असतो. तो अगदीच खोटा नाही. पण आमच्या मोठ्या मुलीने कॉलेजात कोणाकडून तरी ऐकले आणि वर्षभर एकच धोशा लावला. दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरले. भिशीचे पैसे आले होते. राफ्टिंगला माणशी दीड हजाराच्या आसपास पडले. राहण्याची सोय गावातल्याच एका घरी झाली. आम्ही दोघे, आई, मोठी मुलगी आणि अकरा वर्षांचा धाकटा अशी पाच माणसे निघालो. या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना एसटीचे धक्के नकोत त्यांना दिव्याहून रोह्यापर्यंत रेल्वे आहे. रोह्याहून कोलाड जवळच.

आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे लागते, कारण राफ्टिंग सकाळीच होते. याचे कारण आम्हाला रात्री जेवताना कळले. तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी वाढता वाढता घरधनीण म्हणाल्या, "पाणी सकाळी सुटतं. दुपारपर्यंत नदी पुन्हा उतरते. मग नुसते दगड."

आईने विचारले, "म्हणजे पाण्याला पण पहिली पाळी असते काय?"

सगळे हसले. पण आईचे बोलणे अगदी बरोबर होते. आमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपापर्यंत आमच्या घराचे सगळे घड्याळ भोंग्यावर चालत असे. पाळी म्हणजे काय, हे आईला कोणी सांगायला नको.

कुंडलिकेचे हे पाणी खरोखरच कामावरून सुटलेले पाणी आहे. सह्याद्रीच्या वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्यात मुळशीचे धरण आहे. ते मुळा नदीवर बांधलेले. मुळा ही पूर्वेला वाहणारी नदी. पुण्यात ती मुठेला मिळते, पुढे भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पण मुळशीत अडवलेले पाणी बोगद्यातून आणि मोठमोठ्या नळांतून पश्चिमेला, कोकणात खाली सोडले जाते. सुमारे पाचशे मीटर उंचीवरून ते भिरा येथील वीजकेंद्रात येते आणि तेथली चक्रे फिरवते. टाटा कंपनीचे हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्याआधी १९१५ साली खोपोली आणि १९२२ साली भिवपुरी ही केंद्रे सुरू झाली होती. मुंबईच्या गिरण्या वाफेवरून विजेवर आल्या त्या या घाटातल्या पाण्याच्या जोरावर. भिऱ्याचे काम आटोपलेले पाणी खाली आणखी एका सरकारी केंद्रात वीज तयार करते आणि मग कुंडलिकेच्या पात्रात येते. विजेची चक्रे फिरली की नदी भरते, थांबली की ओसरते. ज्या दिवशी पाणी सुटत नाही त्या दिवशी राफ्टिंगही नाही. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावे.

सकाळी जीपने आम्हाला रवाळजेच्या बाजूला नेले. चौदा वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे होडीत घेत नाहीत. धाकट्याने तोंड फुगवले. आईही येणार नव्हती. "आजी, तुम्ही आणि हा छोटा गाडीतून पुढे जा. शेवटी काठावर आमची वाट बघा," असे होडी चालवणाऱ्या मुलाने सांगितले. तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा, जवळच्याच गावचा. त्याचे वडील भातशेती करतात आणि तो सकाळी नदीवर काम करतो.

त्याने आधी अर्धा तास नुसती शिकवणी घेतली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट हवा. लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढले तर ते कानापर्यंत सरकता कामा नये. पाय होडीच्या फुगीर कडेखाली अडकवून बसायचे. तो "फॉरवर्ड" म्हणाला की सगळ्यांनी एकदम पुढे वल्हवायचे, "स्टॉप" म्हणाला की हात थांबवायचे, "गेट डाऊन" म्हणाला की होडीच्या तळाशी बसून दोरी धरायची. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय वाहत्या दिशेला पुढे ठेवा, म्हणजे दगड आला तर पायाने ढकलता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे, वाहत्या पाण्यात उभे राहायला जाऊ नका. पाय दोन दगडांत अडकला तर पाणी माणसाला खाली दाबते. पाणी गुडघ्याएवढे असले तरी.

आमच्या होडीत आणखी चार जण होते. शेजारून एक मुलगा लहान होडगे घेऊन एकटाच येत होता. तो कोणी पडले तर उचलण्यासाठी. होडीचे रबर एकच फुगा नसून त्यात वेगवेगळे कप्पे असतात. एक फुटला तरी होडी बुडत नाही. हे सगळे ऐकून धीर आला.

राफ्टिंगच्या नद्यांची प्रतवारी एकपासून सहापर्यंत असते. एक म्हणजे संथ आणि सहा म्हणजे जिवावरचे. कुंडलिका दोन ते तीनमध्ये बसते, म्हणून नवख्या कुटुंबांना ती चालते. बारा-चौदा किलोमीटरच्या पट्ट्यात लहान-मोठे अनेक खळाळ आहेत. नदीचा तळ अचानक उतरतो, पाणी दगडांवर आपटते, त्यात हवा मिसळते आणि सगळा फेस पांढराशुभ्र दिसतो. होडीवाल्यांनी या खळाळांना गमतीदार नावे दिली आहेत. एकाचे नाव 'मॉर्निंग हेडेक', एकाचे 'राजधानी एक्स्प्रेस'. लोकलने जाणाऱ्याला राजधानी काय ते इथे कळते!

पहिला खळाळ आला तेव्हा होडीचे तोंड एकदम खाली गेले आणि पाण्याची भिंत अंगावर आली. दुसऱ्याला सगळे ओरडत होते. तिसऱ्या की चौथ्या खळाळात होडी एका खडकावर आडवी चढली, कलली, आणि आमच्यासमोर बसलेली मुलगी दिसेनाशी झाली.

ते काही क्षण कसे गेले ते सांगणे कठीण आहे. तिचे पिवळे हेल्मेट आठ-दहा हातांवर वर आले. आम्ही दोघेही तिच्या नावाने हाका मारीत होतो. होडीवाला मात्र शांतपणे, मोठ्या आवाजात तिला एवढेच सांगत होता, "ताई, उताणी! पाय पुढे!" आणि तिने तसेच केले. उताणी झाली, पाय वर काढले, हात पसरले आणि पाण्याबरोबर वाहत राहिली. खळाळ संपल्यावर होडगेवाल्या मुलाने तिला जवळ घेतले. होडीवाल्याने दोरी फेकली आणि तिला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर ओढले. ती खोकली, नाक पुसले आणि म्हणाली, "वल्हं कुठे गेलं माझं?"

तिला वाचवले ते जॅकेटने, त्या मुलांच्या सरावाने आणि सकाळी नीट ऐकून घेतलेल्या चार वाक्यांनी. धाडस म्हणजे डोळे मिटून उडी मारणे नव्हे, हे त्या दिवशी आमच्या घरातल्या सर्वांना समजले.

पुढे नदी संथ झाली. दोन्ही काठांना झाडी, वर डोंगर. काठावर दोन आदिवासी बाया मासे धरीत होत्या. होडीवाला म्हणाला, इथे पाण्यात उतरायचे असेल तर उतरा. सर्वांच्या आधी मुलगीच उतरली. मग तिने आपल्या आईला हाक मारली. मुलीची आई लहानपणी गावच्या विहिरीवरून रोज डोक्यावर हंडे आणीत असे. पाणी तिने आयुष्यभर वाहिले, पण पाण्यात ती कधी उतरली नव्हती. मुलीने हात धरला आणि ती उतरली. जॅकेटच्या आधाराने पाठीवर पडून दोघी बराच वेळ आभाळाकडे बघत वाहत होत्या.

कामत गावाजवळ होडी काठाला लागली. आई आणि धाकटा वाट पाहत होते. घडलेली हकीगत ऐकून आई नातीला आधी रागावली आणि मग तिचे डोके पदराने कोरडे केले.

दुसऱ्या दिवशी आम्हाला पुण्याला आत्याकडे जायचे होते. ताम्हिणी घाटाने गेलो. घाट चढून गेल्यावर मुळशीचा जलाशय रस्त्याच्या कडेने बराच वेळ दिसत राहतो. ज्या पाण्यावर आम्ही आदल्या दिवशी तरंगलो ते इथले. आता या पाण्याची दुसरी बाजूही मुलांना सांगणे भाग होते.

या जलाशयाखाली मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावे आणि त्यांची भातखाचरे गेली. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. लोक तुरुंगात गेले, त्यात बायाही होत्या. पण खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या आणि सावकारांना जमिनीपेक्षा नुकसानभरपाईत रस होता. कसणाऱ्याचा आवाज पडला. १९२४ पर्यंत लढा संपला, १९२७ साली भिऱ्याची चक्रे फिरू लागली आणि तिथली वीज मुंबईत आली.

धाकट्याने विचारले, "म्हणजे आजोबांची गिरणी या पाण्यावर चालायची?"

तीच गिरणी की नाही, ते सांगता येणार नाही. पण गिरणगावाला या घाटांची वीज होती आणि मुंबई आजही तिच्यातली काही वीज वापरते, एवढे खरे. एका खोऱ्यातल्या कष्टकऱ्यांची घरे पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावर दुसरीकडच्या कष्टकऱ्यांना रोजगार मिळाला. हा हिशेब त्यांना विचारून कोणी मांडला नव्हता. आज त्याच पाण्यावर रवाळजे-कोलाडकडची तरुण मुले चार पैसे मिळवतात, ही चांगली गोष्ट आहे. पण मुळशीच्या लोकांचे नाव त्यात कुठे येत नाही. ते निदान आपण मुलांना सांगावे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण केले आहे. त्यानुसार असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पैसे देण्यापूर्वी नोंदणी विचारा. हेल्मेट आणि जॅकेट स्वतः तपासा. सूचना देण्याची घाई करणाऱ्याच्या होडीत बसू नका. हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर काठावरच थांबा. चष्म्याला दोरी बांधा, मोबाईल खोलीवर ठेवा, कोरडे कपडे पुढच्या गाडीत द्या. आणि जमले तर त्याआधी मुलांना, मुलींना तर नक्कीच, जवळच्या महापालिकेच्या तरणतलावात घाला. आमच्या घरी जानेवारीपासून तिघांची नावे घातली आहेत. मोठी, धाकटा आणि त्यांची आई.