मयताचं नाव

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये दर वर्षी एक तरी खुनाचा खटला चालतो. म्हणजे तो कोर्टातही चालू असतो, पण निकाल आमच्याकडे आधी लागतो. कुठेतरी खून होतो, टीव्हीवर चार दिवस तेच दाखवतात, आणि पाचव्या दिवशी मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर कामकाज सुरू! सरकारी वकील असतो कॉम्प्युटरचा कुणीतरी, ज्याने रात्री दोनपर्यंत मोबाईलवर सगळं पाहून काढलेलं असतं. आरोपीची बाजू सिव्हिलवाले घेतात, कारण कॉम्प्युटरवाले बोलले की विरोध करायचा हा त्यांचा जुना नियम. मेकॅनिकलची थर्ड इयरची मंडळी न्यायाधीश. ताकाचा जग टेबलावर येईपर्यंत फाशी किंवा निर्दोष मुक्तता, दोन्हीपैकी एक झालेलं असतं. जन्मठेप कुणी देत नाही. त्यात मजा नाही ना!

मी या टेबलावर फारसा बोलत नाही. मित्रांना वाटतं मला रस नाही. खरं तर उलट आहे. आमचं घरच कोर्टावर चालतं. जिल्हा कोर्टाच्या फाटकासमोर वडिलांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कोर्टाला सुट्टी तर आमच्या गल्ल्याला सुट्टी. मी लहानपणापासून ‘तारीख पडली’, ‘साक्षीदार फितूर झाला’, ‘नक्कल मिळाली नाही’ ही वाक्यं पाढ्यांसारखी ऐकत आलोय.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या कोर्टात एक खुनाचा खटला उभा राहिला. बांधावरून झालेलं भांडण, दोन शेजारी कुटुंबं, कुऱ्हाड. खटला अजून चालू आहे, म्हणून गाव आणि नावं इथे मुद्दाम देत नाही. पण ही केस म्हणजे आमच्या भागातलं नाटकच झालं होतं. आरोपी तालमीतला पोरगा, दोन-चार कुस्त्या मारलेला, दिसायला रुबाबदार. मेलेला माणूस पन्नाशीचा, व्याजाने पैसे देणारा, लोकांच्या मनातून उतरलेला. झालं! लोकांना यापेक्षा जास्त पुरावा लागतो कुठे?

तारखेच्या दिवशी सकाळी दहापासून फाटकाशी गर्दी. दोन्हीकडचे गाववाले जीपमधून येणार. त्याशिवाय कायमची मंडळी वेगळी, ज्यांचा केसशी काडीचा संबंध नाही. एक रिटायर गुरुजी रोज डबा घेऊन यायचे आणि शंभर पानी वहीत साक्षीदाराचं म्हणणं टिपून घ्यायचे. वडापाववाला पुकारा ऐकू आला की पोराला गाडीवर बसवून आत पळायचा आणि येऊन गिऱ्हाइकांना उलटतपास साभिनय सांगायचा. सरकारी वकिलांनी आज कुठला मुद्दा सोडला यावर आमच्या दुकानातल्या बाकड्यावर तासभर काथ्याकूट. वडील म्हणायचे, “ही माणसं फी घेत नाहीत म्हणून, नाहीतर सगळे सीनियर वकील झाले असते.”

आता कुणी म्हणेल, खेड्यातल्या रिकामटेकड्या लोकांचं काय घेऊन बसलास? तर मित्रांनो, शहरातल्या शिकलेल्या लोकांचीही गोष्ट ऐका.

27 एप्रिल 1959. मुंबई. नौदलाचे कमांडर कावस नानावटी ‘मैसूर’ या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. त्यांच्या इंग्रज पत्नीने, सिल्व्हियाने, त्यांना सांगितलं की तिचं प्रेम आहुजा नावाच्या व्यापाऱ्यावर प्रेम आहे. नानावटींनी बायकामुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजाच्या ऑफिसात गेले, तिथे तो नाही म्हणून त्याच्या घरी गेले. तीन गोळ्या. आहुजा मेला. नानावटी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

खटला सेशन्स कोर्टात नऊ सामान्य नागरिकांच्या ज्युरीपुढे चालला. मुद्दा एवढाच होता, की हे संतापाच्या भरात झालेलं झटापटीतलं मरण, की ठरवून केलेला खून? सरकार पक्ष म्हणत होता, आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल शेवटपर्यंत जागेवर होता, मग झटापट झाली कधी? पण ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीश रतिलाल मेहतांना हा निर्णय पुराव्याशी अगदीच विसंगत वाटला आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. 11 मार्च 1960 ला हायकोर्टाने जन्मठेप दिली. सुप्रीम कोर्टाने 24 नोव्हेंबर 1961 ला ती कायम केली. सुप्रीम कोर्टाचं गणित आपल्यासारख्यांना पटकन कळेल असं आहे: नानावटी घरातून निघाले दुपारी दीडला आणि गोळ्या झाडल्या चार-वीसला. म्हणजे जवळजवळ तीन तास. एका प्रॅक्टिकलपेक्षा जास्त वेळ! एवढ्या वेळात माणूस भानावर येऊ शकतो, असं कोर्टाचं म्हणणं.

आणि लोक? लोक नानावटींच्या प्रेमात होते. ते कोर्टात पांढऱ्या शुभ्र गणवेशात, पदकं लावून यायचे. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आणि त्याचे संपादक करंजिया यांनी त्यांची बाजू उचलून धरली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचं सांगतात. रस्त्यावर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ म्हणून खेळणी विकत होते. मेलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल खेळणं म्हणून!

आमचे आजोबा तेव्हा गिरगावात एका छापखान्यात उमेदवारी करत होते. खोलीवरच्या चौघांनी वर्गणी काढून ‘ब्लिट्झ’ घ्यायचा, इंग्रजी येणाऱ्या एकाने वाचायचा आणि बाकीच्यांना मराठीत सांगायचा. पुढे या प्रकरणावरून मधुसूदन कालेलकरांनी ‘अपराध मीच केला’ हे नाटक लिहिलं, तेही आजोबांनी पाहिलं होतं. म्हातारपणीसुद्धा नानावटींचा विषय निघाला की त्यांचे डोळे चमकायचे. एकदा मी विचारलं, “आजोबा, आहुजाच्या घरचं कोण होतं हो कोर्टात?” आजोबा थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, “असेल कुणीतरी. आमचं लक्ष कमांडरकडं.”

होती ना. बहीण होती, मेमी आहुजा. गोळ्यांचे आवाज आले तेव्हा ती त्याच घरात होती. तिने साक्ष दिली. पुढे 1964 मध्ये नानावटींना माफी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र सगळ्यांना ती आठवली, कारण तिने लेखी संमती दिली तर बरं दिसणार होतं. तिने ती दिली. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि नानावटी कुटुंब नंतर कॅनडाला गेलं. यावर सिनेमे निघाले, 2016 मध्ये ‘रुस्तम’ही आला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलाय. बहिणीचं नाव कितींना माहीत होतं?

(जाता जाता : ‘या खटल्यामुळे भारतातली ज्युरी बंद झाली’ असं मेसमध्ये कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलवू नका. ज्युरी बंद करा अशी शिफारस कायदा आयोगाने त्याच्या आधीच, 1958 मध्ये केली होती. आणि नानावटींनंतरही काही ठिकाणी ज्युरीचे खटले चालले.)

आता परत आमच्या दुकानात येऊ. मे महिन्यातली दुपार. लाईट नुकतीच आलेली, मशीन गरम होत होतं. एक बाई आणि तिचा नववी-दहावीतला मुलगा कागदांची पिशवी घेऊन आले. कसल्याशा अर्जाला जोडायला एफआयआर, मरणोत्तर पंचनामा आणि पीएम रिपोर्टच्या तीन-तीन प्रती हव्या होत्या. कागद हातात घेतले आणि केस नंबरवरून ओळखलं. बाकड्यावर तेव्हाही चारजण बसले होते आणि विषय तोच चालू होता. “असल्या माणसाचं असंच व्हायचं,” एकजण म्हणाला. ती कोण हे त्याला माहीत नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वडिलांनी एकदम मोठ्याने बाकड्यावरच्यांना चहा प्यायला पिटाळलं.

मी प्रती काढत होतो. ती म्हणाली, “दादा, ह्यात काय लिवलंय ते जरा वाचून दावता का? ह्याला वाचाय येतंय, पर मी ह्याला वाचू दिलं न्हाई.”

मी पंचनाम्याचं मधलं पान वाचायला लागलो. मयताच्या अंगात पांढरा सदरा. मयताच्या उजव्या हातात तांब्याचं कडं. मयताच्या खिशात तंबाखूची डबी. ती ऐकत होती. मग म्हणाली, “हे सारखं मयत मयत म्हंजे आमचे मालकच न्हवं?”

“हो मावशी.”

“मग ह्यांचं नाव कुठं लिवलंय?”

नाव होतं. पहिल्या पानावर, एकदा. पुढे सगळीकडे नुसतं ‘मयत’. कायद्याच्या कागदाची ती पद्धतच आहे, त्यात कुणाचा दोष नाही. मी पहिलं पान काढून त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि आमच्याकडे त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. ती मुलाकडे बघून म्हणाली, “तू म्हण.” मुलाने वडिलांचं पूर्ण नाव आडनावासकट वाचलं. हळू, शाळेत हजेरी घेतात तसं. तिने मान हलवली, कागद पिशवीत घातले आणि पैसे विचारले. वडील नको म्हणाले, तरी तिने बारा रुपये मोजून काउंटरवर ठेवले.

तो माणूस चांगला होता असं मला म्हणायचं नाही. त्याच्या व्याजाने लोक पिचले होते हे मलाही माहीत आहे. आरोपीनेच हे केलं असंही मी म्हणत नाही, ते ठरवायला कोर्ट आहे, आणि त्या पोराची आईही दर तारखेला झाडाखाली बसलेली असते. मला एवढंच कळलं की एवढ्या मोठ्या गर्दीत, गुरुजींच्या शंभर पानी वहीतसुद्धा, त्या माणसाचा ‘मयत’ झाला होता.

मग लोकांनी खटले बघूच नयेत का? तसंही नाही. आपल्याकडे कोर्टाचं दार उघडं ठेवलंय ते कायद्यानेच, लोकांनी बघावं म्हणूनच. आणि लोक बघत राहिले म्हणून काय होऊ शकतं याचंही उदाहरण आहे. दिल्लीत एप्रिल 1999 मध्ये जेसिका लाल या मुलीला एका पार्टीत गोळी घातली. साक्षीदार फितूर झाले आणि 21 फेब्रुवारी 2006 ला नऊच्या नऊ आरोपी सुटले. त्यानंतर लोक रस्त्यावर आले. इंडिया गेटवर मेणबत्त्या लागल्या, मोबाईलवरून एसएमएसच्या मोहिमा चालल्या. पोलीस अपिलात गेले, हायकोर्टाने तोच पुरावा पुन्हा तपासला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मनू शर्माला जन्मठेप दिली. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

दोन्हीकडे गर्दीच होती, दोन्हीकडे वर्तमानपत्रंच होती. मग फरक काय? मला वाटतं, मुंबईच्या गर्दीला हिरो सापडला होता आणि त्याला सोडवायचं होतं. दिल्लीच्या गर्दीच्या हातातल्या फलकांवर मेलेल्या मुलीचं नाव होतं. तिची बहीण सबरीना सात वर्षं एकटी कोर्टात येत होती. लोक तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. अर्थात गर्दी दर वेळी बरोबरच असेल असं नाही, म्हणून निकाल शेवटी पुराव्यावर लागायला हवा. पण गर्दीने कुणाच्या बाजूला उभं राहावं, एवढं तरी गर्दीच्या हातात असतं.

या सेमिस्टरला मेसच्या टेबलावर नवीन खटला सुरू झाला तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, “जो मेला त्याचं नाव काय रे?” आठ जण होते. आरोपीचं नाव, त्याची गाडी, त्याच्या वकिलाची एका तारखेची फी, सगळं सगळ्यांना पाठ होतं. मेलेल्याचं नाव एकालाही आठवेना. एकाने मोबाईल काढला, शोधलं, आणि वाचून दाखवलं. मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. नंतर कुणीतरी ताक मागितलं आणि विषय सबमिशनवर गेला. त्या दिवशी निकाल काही लागला नाही.

सुट्टीत घरी गेलात की आपापल्या जिल्ह्याच्या कोर्टात एक दिवस जाऊन बसा. पैसे पडत नाहीत. मोबाईल बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा, साहेब आले की उभे राहा. वकिलांची जुगलबंदी ऐकण्यासारखी असते, ती ऐकाच. फक्त उठण्यापूर्वी शेजारच्याला एकदा विचारा, मयताचं नाव काय.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल