वेल वांझ नव्हती

मैत्रिणींनो, तुमच्या परसात भोपळ्याची वेल आहे का? असेल तर उद्या सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी जरा तिच्यापाशी जाऊन या. का, ते सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुंपणावर लाल भोपळ्याची वेल चढली. पिवळीधमक फुलं रोज उमलत, पण भोपळा काही धरेना. सुपारीएवढं फळ दिसे आणि चार दिवसांत पिवळं पडून गळे. एकदा सासूबाई वैतागून म्हणाल्या, "वांझ दिसतेय मेली! उपटून टाका."

माझी धाकटी जाऊ तिथेच भाजी चिरत बसली होती. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली आहेत. विळीवरचा तिचा हात थांबला.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात शाळेतल्या विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि सातवीचे तास माझ्याकडे आले. मी अर्धवेळ मराठी शिकवणारी, बी. ए. झालेली. रात्री झाकपाक करून पुस्तक घेऊन बसू लागले. शाळेत कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर विटा रचाव्यात तशा पेशी! १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या कापात अशाच खोल्या पाहिल्या होत्या. प्रत्येक पेशीला स्वतःची भिंत आणि आत केंद्रक. पानांच्या पेशींत शिवाय हिरवे कण असतात, ती हरितलवकं. उन्हाच्या मदतीने ती झाडाचं अन्न तयार करतात. आमच्या वेलीची पानं तर ताटाएवढी! म्हणजे तिच्या स्वयंपाकघरात काही उणं नव्हतं. मग अडलं कुठे?

उत्तर फुलात होतं. जास्वंदीत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असतात. भोपळ्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. नर फूल लांब, बारीक देठावर असतं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली चिमुकला भोपळा दिसतो, तो अंडाशय. त्यात बीजांडं असतात. परागकण मादी फुलावर पडला की त्यातून सूक्ष्म नळी निघते आणि बीजांडापर्यंत पोचते. नर पेशी आणि स्त्री पेशी एक झाल्या की बीजांडाचं बी होतं नि अंडाशयाचं फळ. पण हे पराग जड नि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. ते मधमाशीनेच न्यायचे, आणि आमच्याकडे तर पावसाची झड लागलेली! पराग मिळाले नाहीत तर सकस बी धरत नाही, हे जर्मनीतल्या कॅमेरारियस यांनी १६९४ सालीच प्रयोगाने दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जावेला उठवलं. ही फुलं सकाळी उमलतात नि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून घाई. तिने एक नर फूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवला. सासूबाई दारातून पाहत होत्या. मी सगळं समजावलं, तशा म्हणाल्या, "म्हणजे दोष वेलीचा नव्हताच?"

जाऊ मान वर न करता म्हणाली, "तपासल्याशिवाय कसं कळणार, आई?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. आजवर सगळे नवस, सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या होत्या. भाऊजींना डॉक्टरकडे जा, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

नवरात्रात पहिला भोपळा उतरवला. घारगे सासूबाईंनीच केले आणि वाढता वाढता भाऊजींना म्हणाल्या, "दिवाळीनंतर तूही एकदा दाखवून ये." ते गेले. औषध सुरू आहे. पुढे काय होईल ते होवो, पण तो शब्द आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलेला नाही.

हे मी जावेला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा ताई. आणि नर फुलांची भजी छान होतात, तेही लिहा. चार मात्र वेलीवर ठेवायला सांगा!"